दूरचित्रवाणी मालिकांतील भीषण दृश्ये



सातारा जिल्ह्यातील धोम येथे डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका इसमास सहा खुनांच्या आरोपावरून २०१६ साली अटक झाली. पुरलेली प्रेते उकरून काढण्यात आली. अवघ्या चार वर्षांनी याच प्रकरणावर बेतलेली ‘देवमाणूस’ ही मालिका घरोघरी अवतरली. ज्या कुटुंबांचे अश्रू अद्याप वाळले नव्हते, त्यांचे दुःख आपण करमणूक म्हणून पाहिले!

भीषण प्रसंग आपल्या पुराणांतही आहेत. परंतु कीर्तनकार कीचकवध सांगतो तेव्हा द्रौपदीचा आक्रोश श्रोत्यांच्या हृदयास भिडतो. अशा मालिकांत मात्र मारणाऱ्याच्या चातुर्याचेच कौतुक वाढत जाते. हा भेद कोवळ्या मुलांस कोण समजावून सांगणार?

बालकांस अयोग्य असे कार्यक्रम, ती सर्वाधिक संख्येने पाहत असतील त्या वेळी दाखवू नयेत, असा दंडक १९९४ च्या केबल नियमावलीत आहे. तक्रारीवरील निर्णय वाहिनीने १५ दिवसांत कळवावा, असे २०२१ च्या दुरुस्तीने ठरविले. तेव्हा केवळ हळहळू नका. तारीख, वेळ व प्रसंग नमूद करून तक्रार धाडा. आणि मुले पानावर बसली असता तो पडदा बंद ठेवा.