जळण फुकट नाही
(देगलूर येथील भाषण)



१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली व गरीब घरच्या बायांच्या नावे गॅसची जोडणी मिळू लागली. हे चांगलेच झाले. परंतु दिल्लीत नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपयांस मिळणारी १४.२ किलोची टाकी मार्च २०२३ मध्ये ११०३ रुपयांवर गेली. पुढे दर काहीसा उतरला, उज्ज्वलेच्या घरांस सूटही मिळाली. पण पुरते पैसे आधी मोजावे लागतात आणि सूट मागाहून खात्यात येते. मजुराने ते आधीचे पैसे आणावे कोठून? मग टाकी कोपऱ्यात बसते व चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या पेटतात.

आम्ही म्हणतो, हे जळण फुकट आहे. साफ खोटे! गोवरी जळाली की शेताचे खत जळाले. धुराने डोळे व छाती जाते ती बाईची. हा खर्च कोणी वहीत मांडीत नाही, एवढेच.

सरकारकडे आमचे मागणे एकच : सूट टाकी घेतानाच वजा करा. आणि पुरुषांस सांगणे हे की, सुगीचा पैसा हाती येताच दक्षिणा व मानपान यांच्या आधी दोन टाक्यांचे पैसे कारभारणीच्या हाती ठेवा.