टेप कंपनीचा की बाहेरचा?

मला या केंद्रावर बहुतेक वेळा कवितेसाठी बोलावलं जातं. आज मोटारीतल्या टेपबद्दल बोलणार आहे. कॅसेट जाऊन कैक वर्षं झाली, पण आमच्या मिरजेत गाडीतल्या सेटला अजून टेपच म्हणतात.

माझे थोरले भाऊ, भाईजान, गेल्या वर्षी गेले. त्यांची २०१३ची छोटी हॅचबॅक भाभींनी विकायला काढली. जयसिंगपूरचे एक तरुण शिक्षक बघायला आले. गाडी पसंत पडली, पण टेप लावून बघितला आणि म्हणाले, "हा कंपनीचा नाही. आवाजही खरखरतोय. बाहेरून बसवताना वायरी कापल्या असणार. दहा हजार कमी करा." भाभी एवढंच म्हणाल्या, "ते तर सांगायचे, टेप कंपनीचा आहे." आणि आत गेल्या. दहा हजार आम्हाला काही थोडे नव्हेत, पण भाभींना लागलं ते वेगळंच. गेलेला माणूस उठून उत्तर देऊ शकत नाही.

शिक्षकांची शंका मात्र वावगी नव्हती. कापलेल्या वायरीला नुसती चिकटपट्टी गुंडाळली, तर पुढे शॉर्ट सर्किट होऊ शकतं. आम्ही तिघं ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो.

त्यानं आधी विचारलं, "चाचा, मॉडेल कुठलं?" मारुतीच्या गाड्यांत एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय अशी चढती भाजणी असते. खालच्या पायरीवर टेपच्या जागी बहुधा रिकामी खोबण. आमची गाडी मधली, त्यामुळे निकाल लागेना. पुस्तिका होती, पण तिच्यात सगळ्याच मॉडेलांचं छापलेलं असतं. मग त्यानं दिवे लावले. कंपनीच्या सेटच्या बटणांचा उजेड सहसा स्पीडोमीटरच्या उजेडाशी जुळतो. आमचा जुळत होता. पण सेटचं तोंड साधं आयताकृती, १८० बाय ५० मिलिमीटर. जर्मनीच्या मानक संस्थेच्या आद्याक्षरांवरून या मापाला डिन म्हणतात, आणि बाजारातले सेटही त्याच मापाचे. शिवाय शोरूमवाले गाडी देताना बसवून देतात तो तिसराच प्रकार. तोही मालक कंपनीचाच म्हणून सांगतो, आणि त्यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो.

शेवटी सेट बाहेर काढला. मागच्या लेबलवर ठळक नाव एका जपानी कंपनीचं. शिक्षक म्हणाले, "बघा!" इलेक्ट्रिशियन हसला. मोटार कंपन्या सेट स्वतः कुठे बनवतात? क्लॅरियन, पॅनासॉनिक, पायोनियर यांच्यासारख्यांकडून करून घेतात. नाव परकं दिसलं म्हणून सेट परका ठरत नाही. त्यानं त्याच लेबलवरचा बारीक पार्ट नंबर दाखवला, तो गाडीच्या कंपनीचा. मग वायरी. बाजारच्या सेटला पिवळी वायर बॅटरीची, लाल किल्लीची, काळी अर्थिंगची, आणि स्पीकरच्या पांढऱ्या, करड्या, हिरव्या, जांभळ्या जोड्या असतात. इथे त्यातलं काही नव्हतं. गाडीचा मूळ प्लग थेट सेटमध्ये बसलेला. मध्ये जोडतुकडा नाही, चिकटपट्टी नाही. अखंड.

आमच्या गावात तंबोऱ्याचा भोपळा टिचकी मारून पारखणारे कारागीर आहेत. त्या दिवशी मला या पोराचा हातही तसाच वाटला. (सेटवर 'पन्नास वॅट गुणिले चार' छापतात त्यावर जाऊ नका, हेही त्यानं सांगितलं. तो क्षणभराचा आकडा. सलग मिळतात ते फार तर वीसेक वॅट.)

पण खरखर? त्यानं सेटिंग उघडलं. फेडर, म्हणजे आवाज पुढे-मागे वाटणारी सोय, पार मागे ओढलेली होती. मधोमध आणली, तर पुढचे स्पीकर स्वच्छ वाजले. खरखर मागून येत होती. मागच्या दाराचं आवरण काढलं. आत वेगळ्याच कंपनीचा, चांगला वजनदार स्पीकर. वायर कापून पिळलेली, वर चिकटपट्टी. दुसऱ्या दारातही तेच.

मी भाभींना फोन केला. थोडा वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अब्बा मागे बसायचे ना."

अब्बांना शेवटची दोन वर्षं कमी ऐकू यायचं. दवाखान्याच्या वाटेवर सकाळच्या बातम्या लागत. भाईजाननं मागचे स्पीकर बदलून सगळा आवाज मागे दिला होता. अब्बा गेल्यावरही फेडर तिथेच राहिला. म्हणजे इतकी वर्षं पुढे एकटा बसून ते मागून येणारा आवाज ऐकत होते.

शिक्षकांना सगळं सांगितलं. सेट कंपनीचा, मागचे स्पीकर नाहीत. त्यांनी दहाचे दोन हजार केले. भाभींनी एकच अट घातली, ते दोन स्पीकर काढून द्या. इलेक्ट्रिशियननं त्या जागी साधे बसवले, वायरींना सोल्डर मारून वर नळी चढवली. स्पीकर आता भाभींच्या कपाटात आहेत, कशालाच जोडलेले नाहीत. गाडी दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरला गेली, फेडर मधोमध.