उभी गाडी म्हणजे उंदराचं घर

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका गटाच्या अध्यक्ष ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी बचतीवर किंवा कर्जावर नाही, उंदरावर बोलणार आहे. हसू नका. आमच्या गटाचा एक हप्ता उंदराने खाल्लाय. त्याहून वाईट म्हणजे आमच्यातली एक ताई बैठकीला यायची बंद झाली होती.

आमच्या गटाचा छोटा टेम्पो आहे. भाजी आणि मसाला बाजाराला न्यायला कर्ज काढून घेतलेला. पावसाळ्यात बाजार मंदावला, चालवणारा पोरगा शेतकामात अडकला, म्हणून आषाढात टेम्पो त्या ताईच्या गोठ्याशेजारी छपरात लावला. पोळ्याच्या सुमाराला बाहेर काढायला गेलो, तर सुरूच होईना. मेकॅनिकने सीट उचलून इंजिनवरचं झाकण काढलं. आत गोणपाटाचे धागे, चिंध्या आणि कडब्याचा चुरा गोळा करून केलेलं घरटं, त्यात पाच गुलाबी पिल्लं! वायरींची साल सोललेली, एअर फिल्टरचा भुगा झालेला. बिल एका हप्त्याहून जास्त झालं.

मग काय, सगळ्यांचं बोट त्या ताईकडे. "तुझ्या दारात गाडी होती, तुला दिसलं कसं नाही?" बोट दाखवणाऱ्यांत मीही होते. नंतर डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं, की गाडी बघायचं काम आपण तिला सांगितलंच नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या हौद्यात भुईमुगाच्या शेंगांचं अर्धं पोतं आम्हीच विसरलो होतो. दहा जणींची गाडी होती, म्हणून ती कुणाचीच नव्हती.

तायांनो, उंदीर गाडीत का शिरतो ते आधी समजून घ्या. त्याला अंधार, ऊब, कोरडी जागा आणि शांतता लागते. उभ्या गाडीत हे सगळं मिळतं. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तो सतत कुरतडतो, मग ती वायर असो की रबरी पाइप. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढं भोकही पुरतं. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वेताला येतात. आपण दोन महिने गाडीकडे बघितलं नाही, तर आत काय होईल याचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणून खरं औषध एकच, त्याची शांतता मोडायची. आठवड्यातून एकदा सीट उचला, बॉनेट असेल तर उघडा, बॅटरी लावून बघा. आत लेंड्या, चिंध्या, कुरतडलेलं काही नाही याची खात्री झाली, की गाडी सुरू करून पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा. हौदा झाडून ठेवा. गाडीत धान्य, पेंड, खाऊचे कागद, रिकामी पोती ठेवू नका. सरपण आणि कडब्याच्या गंजीपासून गाडी लांब लावा. गाडीजवळ भिंतीच्या कडेने पिंजरा ठेवा, कारण उंदीर भिंतीला धरून पळतो. पिंजऱ्यात भाजलेलं खोबरं किंवा सुकट लावा. नवी वस्तू दिसली की उंदीर बिचकतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस पिंजरा नुसता उघडा ठेवा, मग चाप लावा. हवा ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बसवता येईल का, ते मेकॅनिकला विचारा.

डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं असे उपाय बऱ्याच जणी करतात. वास चार दिवसांत उडतो आणि उंदराला त्याची सवयही होते. बंद केबिनमध्ये गोळ्यांचा वास लेकरांना बाधतो. त्यावर विसंबू नका.

घरटं सापडलंच, तर गाडी सुरू करून बघू नका. सोललेल्या वायरी एकमेकींना लागून ठिणगी पडते आणि घरटं म्हणजे सुकं सरपणच. आधी बॅटरीची काळी वायर काढा. हातात मोजे घाला, नाकातोंडाला मास्क किंवा दुहेरी फडकं बांधा. घरटं सुकं झाडू नका, धूळ नाकात जाते. साबणाच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवा, थोडा वेळ थांबा, मग पिशवीत भरून खड्ड्यात पुरा. वायरिंगवर मात्र पाण्याचा पाइप मारू नका. डिझेलचा पाइप आणि ब्रेकच्या नळ्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडीत विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर आतच कुठेतरी मरतो आणि वास जाता जात नाही. मेलेला उंदीर खाऊन मांजर, घुबडही मरतं, म्हणजे आपले राखणदारच जातात. आणि घरात लेकरं असतात. उंदीर मारायच्या फॉस्फरसच्या पेस्टवर उतारा नाही. ती पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी माणूस बरा वाटतो, पण दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी व्हायला लागतं. चुकून कुणाच्या पोटात गेलीच, तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि पेस्टचं वेष्टन सोबत न्या.

दुसरी गोष्ट तापाची. उंदराच्या लघवीतून लेप्टोचा आजार होतो. हातापायाच्या जखमेतून, ओल्या चिखलातून तो अंगात शिरतो. गाडी साफ करणाऱ्या बाईला पुढच्या काही दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि "मी उंदराची घाण काढली होती" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेत औषध मिळालं तर माणूस बरा होतो.

आम्ही आता काय करतो ते सांगते. आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. आम्ही तिच्या शेवटी गाडी जोडली. दर आठवड्याला बैठकीआधी जिची पाळी, ती सीट उचलून आत बघते. काय दिसलं ते वहीत लिहून सही करते. दहा मिनिटांचं काम आहे. गाडी कुणाच्याही दारात असो, बघायची जबाबदारी पाळीवालीची. गाडीची पॉलिसीही आम्ही एकत्र बसून वाचली. उंदराने केलेलं नुकसान त्यात बसतं का, हे तुम्हीही विमा घेतानाच विचारून घ्या.

आणि आमची ती ताई? आम्ही नऊ जणी तिच्या घरी गेलो, चूक कबूल केली. चहा पिताना ती एवढंच म्हणाली, "मला एकदा सांगितलं असतं, तर मी रोज बघितलं असतं."

तायांनो, टेम्पो असो, पॉवर टिलर असो की गटाची पिठाची गिरणी, आज घरी गेल्यावर एकदा उघडून बघा. आणि पुढच्या बैठकीत पाळी कुणाची, ते वहीत लिहा.