पत्रकाराची लेखणी आणि कामगाराची साक्ष



आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे शिकलो ते गेटसभेत आणि युनियनच्या कचेरीतील जुन्या वर्तमानपत्रांत. तेव्हा पत्रकारितेवर आम्ही काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. परंतु जॉन कॅरीरू या अमेरिकन पत्रकाराची हकीकत वाचली आणि हा विषय आमचाही आहे, अशी आमची खात्री पटली.

कॅरीरू १९९९ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये दाखल झाले. कॅलिफोर्नियात एलिझाबेथ होम्स या तरुणीने २००३ साली 'थेरानोस' कंपनी काढली होती. बोट टोचून काढलेल्या थोड्या थेंबांत रक्ताच्या शेकडो तपासण्या करू, असा कंपनीचा दावा होता. तिची किंमत नऊ अब्ज डॉलर धरली गेली. संचालक मंडळावर माजी परराष्ट्रमंत्री बसले. यंत्र उघडून पाहावे, असे मात्र त्यांतल्या कोणालाही वाटले नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅरीरूंनी छापले की, कंपनीच्या यंत्रावर अगदी मोजक्याच तपासण्या होतात. बाकीच्या बाजारातल्या नेहमीच्या यंत्रांवर उरकतात.

हे त्यांना कळले कसे? यंत्रापाशी उभे राहणाऱ्यांनी सांगितले म्हणून! टायलर शुल्ट्झ आणि एरिका च्युंग ही दोघे नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुले. दोघांनीही गुप्ततेच्या करारावर सह्या केलेल्या. टायलरचे आजोबा खुद्द संचालक मंडळावर! त्याच्या आईवडिलांना वकिलांपायी चार लाखांहून अधिक डॉलर मोजावे लागले. एरिकाने सरकारी तपासनीसांना पत्र लिहिले. पत्राचे मालक रूपर्ट मर्डोक यांचे साडेबारा कोटी डॉलर थेरानोसमध्ये गुंतलेले होते. लेख थांबवा, अशी गळ होम्सने त्यांना घातली; त्यांनी संपादकांच्या कामात हात घातला नाही, हेही सांगितले पाहिजे.

२०१८ साली कंपनी बंद पडली. २०२२ साली होम्स दोषी ठरली आणि तिला सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली. पण ती गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल. रुग्णांच्या फसवणुकीच्या आरोपांतून ती सुटली. पैसेवाल्याला न्याय मिळाला. ज्याचे बोट टोचले त्याला नाही.

हे वाचताना आमचीच एक चूक आम्हांला आठवली. वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यातला फिटर आमच्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, प्रेसचे गार्ड काढून काम करवतात आणि वहीत लावले म्हणून लिहितात." बोनसचा करार तोंडावर होता. आम्ही म्हटले, "सही होऊ दे, मग बघू." सही होण्याआधीच एका पोराची दोन बोटे गेली. फिटर पुन्हा आमच्या कचेरीची पायरी चढला नाही.

कॅरीरूंचे मोठेपण आम्हांला येथे दिसते. आलेल्या माणसाला त्यांनी "मग बघू" म्हटले नाही. त्याचे ऐकले, कागद ताडून पाहिले, त्याचे नाव सांभाळले आणि मगच लिहिले. श्रोतेहो, उद्या असा कोणी आपल्या दाराशी आला तर त्याला आत घ्या, बसवा. आम्ही बसविले नव्हते.