कोरकू बालक आणि शाळेची भाषा



सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांत, मेळघाटचा अरण्यप्रदेश पसरलेला आहे. तेथील रहिवाशांत कोरकूंची संख्या सर्वांत मोठी. त्यांच्या भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. अर्थात ‘कोरकू’ म्हणजे ‘माणसे’. ज्या समाजाने दुसरे कोणतेही बिरूद न लावता स्वतःस केवळ ‘माणसे’ म्हणवून घेतले, त्याच्या मुलाचे शाळेत स्वागत कोणत्या भाषेत व्हावे, हा या विवेचनाचा विषय आहे.

कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची पोटभाषा नव्हे. शेजारच्या गोंडीशीही तिचे नाते नाही, कारण गोंडी द्राविड कुळातील आहे. कोरकू मुंडा कुळातील असून तिच्या बहिणी संताळी व मुंडारी या झारखंड, ओडिशा आणि पश्चिम बंगाल या दूरच्या प्रदेशांत बोलल्या जातात. सहाला कोरकूत ‘तुरुई’ व दहाला ‘गेल’ म्हणतात. संताळीतही हे शब्द जवळजवळ असेच आहेत. मुंडा कुळाची ही सर्वांत पश्चिमेकडील शाखा आप्तांपासून शेकडो कोस दूर राहूनही टिकून आहे. 2011 च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे सात लाखांहून अधिक होते. त्यांतील बहुतेक मध्यप्रदेशात व उरलेले मुख्यतः मेळघाटात.

आता पहिलीच्या वर्गाकडे वळावे. सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते रिकाम्या हातांनी नव्हे. झाडे, पाखरे, पाणवाटा, नातीगोती या सर्वांची नावे त्यास ठाऊक असतात. परंतु ती कोरकूत. गुरुजी मराठीत प्रश्न विचारतात आणि मूल गप्प राहते. त्या मौनास मंदबुद्धी समजणे हा मोठा अन्याय होय. दोन-तीन वर्षे असेच मौन पाळून अनेक मुले शाळेकडे पाठ फिरवितात आणि मग गैरहजेरीचा दोष पालकांच्या माथी मारला जातो.

त्याच्या चुकांचाही विचार करावा. मराठीत तीन लिंगे आहेत व क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलते. कोरकूत क्रियापदास स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा भेद नाही. म्हणून कोरकू मूल ‘बहीण आला’ म्हणाले, तर तो त्याच्या मातृभाषेच्या व्याकरणाचा स्वाभाविक परिणाम आहे. उलट, ऐकणाऱ्यास धरून ‘आपण’ व ऐकणाऱ्यास वगळून ‘आम्ही’ हा मराठीतील भेद हिंदीभाषिकास अवघड वाटतो; कोरकू मुलास तो घरूनच परिचित असतो, कारण त्याच्या भाषेतही तो आहे. एवढेच नव्हे, तर दोघांसाठी निराळे द्विवचनही तिच्यात आहे. अशी भाषा दरिद्री म्हणता येईल काय?

वऱ्हाडातील शिक्षकास हे दुःख समजण्यास फार दूर जावयास नको. ‘मले’, ‘तुले’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी मुलास पुण्या-मुंबईकडे कोणी हसले, तर त्याच्या मनाला काय वाटते, हे त्यास ठाऊक आहे. वऱ्हाडी ही तर मराठीच होय. कोरकू मुलास याहून कितीतरी मोठे अंतर ओलांडावयाचे असते.

या प्रश्नाची हेळसांड झाल्यास काय घडते, याचे उदाहरण कॅनडाच्या उत्तरेकडील डेने लोकांत दिसते. हिमाच्छादित अरण्यात त्यांची छोटी, एकाकी गावे विखुरलेली आहेत. योगायोग असा की, ‘डेने’ या शब्दाचाही अर्थ ‘माणसे’ असाच आहे. त्यांच्या व इतर मूलनिवासी समाजांच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले जाई व स्वभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुले गेली. 2008 मध्ये त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल क्षमा मागितली. आज तेथील वायव्य प्रदेशात अकरा राजभाषा असून त्यांत पाच डेने भाषा आहेत. परंतु जी भाषा आईच्याच ओठांवरून गेली, ती कायद्याने परत आणणे कठीण असते.

आपल्या संविधानात 1956 मध्ये घातलेल्या 350-अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचे सांगितले आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषेचाच आग्रह आहे. वऱ्हाडास तर ही शिकवण जुनी आहे. ज्या रिद्धपुरात महानुभावांनी मराठी गद्याचा पाया घातला, ते अमरावती जिल्ह्यातच आहे. ग्रंथ संस्कृतात झाल्यास साध्या म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानास मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. तोच न्याय आज कोरकू मुलास लावावयाचा आहे.

यासाठी शिक्षकाने पुढील गोष्टी कराव्यात :

1. वहीत दोन रकाने आखून एकात कोरकू व दुसऱ्यात मराठी शब्द लिहावा. कोरकू देवनागरीत लिहिता येते. ‘डा’ म्हणजे पाणी, ‘सीता’ म्हणजे कुत्रा, ‘कुला’ म्हणजे वाघ, अशा शंभर शब्दांनी आरंभ पुरे. शब्द मुलांकडूनच विचारून घ्यावेत. गुरुजी शिकत आहेत हे पाहून मूल बोलू लागते.

2. मोहाच्या बिया घेऊन आकडे आधी कोरकूत मोजावेत, नंतर मराठीत.

3. महिन्यातून एकदा गावातील वृद्ध स्त्री-पुरुषास शाळेत बोलावून गोष्ट ऐकावी आणि मोठ्या मुलांकडून तिचा मराठी सारांश लिहवून घ्यावा.

4. मुलाचे वाक्य चुकल्यास हसू नये. तेच वाक्य शुद्ध रूपात सहज उच्चारून दाखवावे.

यात मराठीची हानी नाही. ज्याची पहिली भाषा पक्की, त्यास दुसरी लवकर येते. मराठी त्या मुलास आलीच पाहिजे. बाजार, दवाखाना, कचेरी, पुढील शिक्षण, सर्वत्र तिची गरज आहे.

हे काम केवळ मेळघाटातील शाळांचे नाही. व्याघ्र प्रकल्पातील कुंड, बोरी, कोहा ही गावे या शतकाच्या आरंभी उठून अकोला जिल्ह्यात अकोटजवळ वसली. पुढे आणखी गावे आली. मजुरीसाठीही अनेक कुटुंबे मैदानात उतरतात. म्हणून काळ्या मातीच्या गावातील शिक्षकाच्या वर्गातही एखादे कोरकू मूल शेवटच्या ओळीत मुकाट बसलेले असू शकेल. त्यास त्याच्या भाषेतील एक शब्द ऐकू आला, तर ही शाळा आपलीही आहे, असे त्यास वाटेल. तेथूनच त्याच्या शिक्षणास खरा आरंभ होतो.