फुप्फुसाची शस्त्रक्रिया आणि जिन्यावरची परीक्षा



५ एप्रिल १९३३. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोग झालेलं डावं फुप्फुस संपूर्ण काढलं. रुग्ण स्वतः डॉक्टर होते. उरलेल्या एका फुप्फुसावर ते जवळपास तीस वर्षं जगले.

सगळ्यांना हे झेपत नाही. अनेक रुग्णांनी वर्षानुवर्षं धूम्रपान केलेलं असतं; गाठीखेरीज उरलेलं फुप्फुस आणि हृदयही थकलेलं असतं. म्हणून आधी फुंकर मारण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री होते. फुप्फुसांचे एकूण एकोणीस भाग धरून, त्यातले किती काढायचे यावरून मागे किती ताकद उरेल याचा हिशेब मांडतात. पण ही चाचणी बसून होते. श्रम पडल्यावर हृदय, फुप्फुसं, रक्त आणि पायांचे स्नायू एकमेकांना कशी साथ देतात, ते तिच्यात दिसत नाही.

हिशेब काठावरचा निघाला, की रुग्णाला चालवतात किंवा जिना चढवतात. चालण्याच्या चाचणीत दहा मीटरच्या पट्ट्यात 'बीप'च्या तालावर फेऱ्या मारायच्या. ताल दर मिनिटाला वाढतो. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार ४०० मीटर चालणं किंवा २२ मीटर उंची, म्हणजे साधारण सात मजले चढणं जमलं, तर धोका कमी मानतात. ही परीक्षा देखरेखीखालीच द्यायची. घरी एकट्यानं करून पाहू नये.

तेवढं जमलं नाही, तर तोंडावर मास्क, छातीवर ईसीजीच्या तारा लावून सायकल चालवायला देतात. पेडल हळूहळू जड होत जातं. शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती प्राणवायू वापरतं, ते यंत्र मोजतं. स्वस्थ बसलेल्या माणसाला सुमारे साडेतीन मिलिलिटर लागतो. पूर्ण श्रमात हा आकडा वीसच्या वर गेला, तर अख्खं फुप्फुस काढण्याचाही विचार करता येतो. दहाच्या खाली राहिला, तर धोका फार. तेव्हा लहान शस्त्रक्रिया किंवा नेमक्या जागी दिलेले किरणोपचार यांकडे वळतात.

मधल्या आकड्यांचे रुग्ण पुष्कळ. त्यांच्यासाठी धूम्रपान बंद, नियमित इन्हेलर, श्वसनाचे व्यायाम आणि रोजचं चालणं हा कार्यक्रम शस्त्रक्रियेआधी थोडे आठवडे राबवतात. त्यानं नंतरची फुप्फुसांची गुंतागुंत कमी होते. नुसतं वय पाहून "आता ऑपरेशन नको" असं घरच्यांनी ठरवू नये. आधी ही श्रमाची चाचणी करता येईल का, आणि तयारीला किती दिवस मिळतील, हे डॉक्टरांना अवश्य विचारावं.