रक्ताचे बीज



मजूर चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की तो बोनस, हजेरी आणि महागाई भत्ता यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही हाडांच्या आतल्या मगजाविषयी, म्हणजे अस्थिमज्जेविषयी बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळाही अर्ध्यावर सुटलेली. जे थोडे ठाऊक आहे ते वाचनालयातील पुस्तकांतून आणि जाणत्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून मिळवलेले आहे. तेव्हा हा विषय आम्ही का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एका हमालाच्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी रोग दबला, पण तो उलटण्याचा धोका होता, म्हणून डॉक्टरांनी मज्जारोपण सुचविले. मुलाच्या थोरल्या बहिणीचा मेळ बसला. तिची सोयरीक ठरलेली होती. घरच्या आजीबाई आम्हांला म्हणाल्या, “भाऊ, पोरीच्या पाठीतला मगज काढला तर ती उभी राहील का? तिला कोण पदरात घेईल?” श्रोतेहो, मालकाच्या वकिलापुढे आम्ही कधी गप्प बसलो नाही, पण त्या माउलीच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. “डॉक्टर सांगतात ते खरे असेल,” एवढेच पुटपुटून आम्ही परतलो. घरात वाद होत दोन महिने गेले. अखेर ती मुलगी स्वतःच म्हणाली, “मी देते.” पण तोवर रोग उलटला होता. मुलगा गेला. रोपण झाले असते तर तो खात्रीने वाचला असता, असे कोणी म्हणू शकत नाही. पण आमच्या अज्ञानापायी त्याची संधी गेली, हे आम्ही विसरू शकत नाही. आजचे भाषण हे त्या आजीबाईंना उशिरा दिलेले उत्तर आहे.

घोटाळ्याचे मूळ आपल्या भाषेतच आहे. पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दोराला आपण मज्जारज्जू म्हणतो. आणि हाडांच्या पोकळीतील, रक्त तयार करणाऱ्या मऊ गराला अस्थिमज्जा म्हणतो. शब्द एक, वस्तू दोन! मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस लुळा पडतो, हे खरे. परंतु दात्याच्या मज्जारज्जूला कोणी हातही लावीत नाही. मज्जा घ्यायची झाल्यास ती कमरेच्या हाडातून, भूल देऊन, सुईने घेतात. आता तर पुष्कळदा तेवढेही करावे लागत नाही. दात्यास चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, त्यामुळे मज्जेतील मूलपेशी रक्तात उतरतात. मग हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात फिरवून त्या वेगळ्या काढतात आणि उरलेले रक्त दात्यास परत देतात. त्यास काही तास लागतात. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडे दुखतात, अंग कणकणते, हे लपविण्याचे कारण नाही. पण काही आठवड्यांत मज्जा पूर्ववत भरून येते. केळीचे खोड कापले तरी कंदाला पुन्हा पील फुटते, हे खानदेशातील माणसास वेगळे शिकवायला नको.

हा कंद म्हणजेच मूलपेशी. निरोगी माणसाच्या शरीरात सेकंदास सुमारे 20 लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात, आणि प्रत्येक पेशी सुमारे 120 दिवस काम करून निवृत्त होते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका या सर्वांचे बीज एकच. असे बीज खरोखर असते, हे कॅनडातील टिल आणि मॅककलॉक यांनी 1961 साली प्रयोगाने दाखविले. बीजच बिघडले, तर त्यातून निघणारे पीक बिघडणारच. अशा वेळी जुनी मज्जा औषधांनी वा किरणांनी नष्ट करून दुसऱ्याचे निरोगी बीज रोग्याच्या शिरेतून सोडावयाचे, यास रोपण म्हणतात. शस्त्रक्रियेचे टेबल लागत नाही. बाटलीतून रक्त चढवावे तसेच ते दिसते. ते बीज आपण होऊन हाडांत जाऊन रुजते.

मग अडचण कोठे येते? ती येते पहारेकऱ्यांपाशी. पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी नावाच्या पेशी शरीरात आपले कोण आणि परके कोण याची तपासणी करीत फिरतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे. तेथे या पेशींची परीक्षा होते, आणि स्वतःच्या शरीरावरच उलटणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच बाद होतात. या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर यांनी 1961 साली दाखविले. बाद होण्यातून निसटलेल्यांना आवर घालणाऱ्या निराळ्या टी-पेशी असतात. त्यांच्या शोधाबद्दल जपानचे साकागुची आणि अमेरिकेतील ब्रंकाव व रॅम्सडेल यांना 2025 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पहारेकरी ओळख पटवितात ती पेशींवरच्या खुणांवरून. कारखान्याच्या फाटकावर बिल्ला पाहतात, तसेच हे. या खुणांना एच. एल. ए. म्हणतात, त्यांच्या शोधाचा आरंभ फ्रान्समधील झाँ दोसे यांनी 1958 साली केला. निम्म्या खुणा आईकडून आणि निम्म्या बापाकडून येतात. म्हणून सख्ख्या भावाबहिणींपैकी प्रत्येकाचा पूर्ण मेळ बसण्याचा संभव शेकडा 25 असतो.

येथे एक विलक्षण गोष्ट घडते. मूत्रपिंड बसविले तर रोग्याचे शरीर त्यास परके मानून झिडकारू पाहते. मज्जारोपणात याच्या उलटही घडते. पहारेकरीच नवे आलेले असतात. त्यांना सारे घरच परके वाटते आणि ते कातडी, आतडी, यकृत यांवर तुटून पडतात. यात रोगी दगावूही शकतो. पण हाच कडवेपणा उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशीही शोधून मारतो. म्हणजे जी शक्ती मारते तीच तारते. तिच्यातील मारक भाग आवरावा आणि तारक भाग राखावा, यासाठी जगभरचे संशोधक गेली साठ-सत्तर वर्षे झटत आहेत. या मार्गाचे आद्य प्रवर्तक डॉ. डोनल थॉमस यांना 1990 साली नोबेल पारितोषिक मिळाले. अलीकडे रोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी एक जुनेच औषध देऊन, चवताळून उठलेल्या तेवढ्या टी-पेशी मारण्याची युक्ती सापडली आहे. त्यामुळे निम्माच मेळ असलेले आई, बाप वा मूलही आता दाते होऊ शकतात.

हे सर्व परदेशातच चालते, असा समज करून घेऊ नका. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले. मज्जा दिली तिच्या भावाने. डॉ. अडवाणी लहानपणी पोलिओने अधू झालेले. चाकाच्या खुर्चीवर बसून त्यांनी हे कार्य केले. ज्या देशात भावाने बहिणीला जीवदान देऊन या विद्येचा आरंभ झाला, त्याच देशात बहिणीने भावाला देण्याची वेळ आली तेव्हा आम्ही गप्प बसलो!

त्यापुढची पायरीही मुंबईतच रचली गेली. पवई येथील आय. आय. टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांत नवे जनुक घालून, त्यांना कर्करोगाची खूण ओळखायला शिकविले. प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत हे काम उभे राहिले. बी-पेशींच्या काही कर्करोगांवरील या ‘नेक्सकार-19’ उपचारास 2023 च्या ऑक्टोबरात सरकारी मान्यता मिळाली, आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. परदेशी उपचाराच्या सुमारे एक दशांश किमतीत, म्हणजे 30 ते 40 लाख रुपयांत तो देता येईल, असे तेव्हा सांगण्यात आले. ही कामगिरी मोठी आहे. तिला आमचा मुजरा. पण हिशेब करणे हा आमचा धंदाच आहे. रोज 500 रुपये मजुरी धरली तर 30 लाख म्हणजे 6,000 दिवसांची मजुरी. वर्षास 300 दिवस काम मिळाले तरी 20 वर्षे! जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांत जी विद्या निपजली, ती मजुराच्या मुलापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारीही सार्वजनिकच असली पाहिजे. हे अशक्य नाही. खाणकामगारांच्या श्रमावर उभ्या असलेल्या कोल इंडियाने 2017 पासून थॅलेसेमिया झालेल्या गरीब मुलांच्या रोपणासाठी प्रत्येकी 10 लाखांपर्यंत मदत देण्याची योजना चालविली. असे हात आणखी हवेत, आणि ते मागून घ्यावे लागतील.

पैशाची लढाई लांबची आहे. दुसरे एक काम मात्र आजच आपल्या हातात आहे. घरात मेळ बसला नाही, तर परक्या दात्याच्या नोंदवहीत शोध घेतात. आपल्या देशात ‘दात्री’सारख्या संस्था 2009 पासून अशी नोंदवही ठेवतात. आता एक कटू सत्य ऐका. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक जातीतच झाली. त्यामुळे या खुणांचे संचही त्या त्या समाजात साठून राहिले. अगदी परक्याशी मेळ बसतो तेव्हाही तो आपल्याच वंशमुळाच्या माणसाशी बसण्याचा संभव अधिक असतो. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा मुलांना सिकलसेलचा रोग छळतो. मज्जारोपणाने तो बरा होऊ शकतो. पण नोंदवहीत शहरातली सुशिक्षित मंडळीच असतील, तर भिल्लाच्या, तडव्याच्या, बंजाऱ्याच्या मुलाने आपला जोडीदार कोठे शोधावा? मतदारयादीत नाव नसलेल्याला मत नाही. या यादीत ज्याचा समाज नाही, त्याच्या मुलाला आशा कमी.

म्हणून पहूर पेठ आणि पहूर कसबे, दोन्हीकडच्या तरुणांना आमची विनंती आहे. वय 18 ते 50 च्या दरम्यान असेल आणि प्रकृती धड असेल, तर नाव नोंदवा. गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पुरतो. पुढे बोलावणे येईलच असे नाही. पण आले तर मागे फिरू नका, कारण तोवर तिकडे रोग्याची जुनी मज्जा नष्ट करण्यास सुरुवात झालेली असू शकते. होकार देण्यापूर्वी हवे तेवढे प्रश्न विचारा. एकदा दिलेला शब्द मात्र संपाच्या निर्णयासारखा पाळा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे: पोरगी उभी राहील. चालेल, शेतात राबेल, संसार करील. तिच्या पाठीच्या कण्याला कोणी शिवत नाही. हे वाक्य त्या दिवशी आम्हांला बोलता आले नाही. आज येथे बसलेल्यांपैकी प्रत्येकाला ते बोलता यावे, एवढ्यासाठीच आम्ही आपला वेळ घेतला.